वाचक विचारतात : नवाईच्या पोथ्यांचा प्रवास

मागील अंकात अलीशेर नवाई या मध्य आशियातील तुर्की कवीविषयी अर्ध्या पानाची टीप छापली होती. छापखाना नसतानाही त्याची कविता इस्तंबूलपासून आग्र्यापर्यंत वाचली गेली, असे एक वाक्य त्या टिपेत होते. त्या एका वाक्यावर खानदेशातून पत्रे आली, त्यांपैकी एकमेकांना जोडून घेता येतील अशी पाच येथे घेतली आहेत.

प्रश्न : नवाई हा हेरातच्या दरबारातील बडा माणूस होता. त्याच्या प्रती पसरल्या त्या राजाश्रयामुळेच, असे समजायचे ना? (एक निवृत्त मराठी शिक्षक, धुळे)

राजाश्रय होता हे खरे. नवाईचा जन्म 1441 मध्ये हेरात (आजच्या अफगाणिस्तानातील शहर) येथे झाला आणि 1501 मध्ये तेथेच त्याचा मृत्यू झाला. सुलतान हुसेन बायकरा हा त्याचा बालमित्र होता आणि हा मित्र 1469 मध्ये हेरातच्या गादीवर बसल्यानंतर नवाईला पद, पैसा आणि मान कशाचीच उणीव राहिली नाही. त्याच्या कवितेची सुरेख, सोनेरी नक्षीची जी हस्तलिखिते आज जगभरच्या संग्रहालयांत दिसतात, त्यांतील पुष्कळशी त्या वैभवाच्या काळातील आहेत.

पण सनावळी जरा बारकाईने पाहिली, तर आपला समज उलटा करावा लागतो. नवाईच्या दिवाणाची एक अत्यंत जुनी प्रत 1465-66 ची असून ती सेंट पीटर्सबर्गच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. (दिवाण म्हणजे येथे कवितासंग्रह, संस्थानचा कारभारी नव्हे आणि बैठकीतला पलंगही नव्हे.) त्या वेळी नवाई जेमतेम पंचविशीत होता आणि त्याच्या मित्राला राज्य मिळायला अजून तीन वर्षे अवकाश होता. हा संग्रह कवीने स्वतः सिद्ध केलेला नाही. त्याच्या गझला तोंडोतोंडी आणि सुट्या कागदांवरून फिरत होत्या, त्या चाहत्यांनी गोळा केल्या, अक्षरक्रमाने लावल्या आणि सुलतान अली मशहदी या सुलेखनकाराकडून लिहवून घेतल्या. पुढे 1471 मध्ये पश्चिमेकडील आक कोयुनलू या तुर्कमान राजवटीच्या प्रदेशातही चाहत्यांनी असाच एक संग्रह तयार करवला. म्हणजे कवीच्या हातचा दिवाण बाहेर पडण्यापूर्वी वाचकांनी बांधलेले दिवाण दोन वेगवेगळ्या मुलखांत तयार झाले होते. नंतर नवाईने आपला संग्रह स्वतः रचला, पुन्हा रचला, आणि अखेरीस 1490 च्या दशकात सगळी भावकविता बाल्य, तारुण्य, मध्यवय आणि वार्धक्य अशा चार दिवाणांत विभागून ठेवली. राजाश्रयाने या कवितेला सोन्याचे पाणी चढवले, पण तिच्या प्रती काढायला सुरुवात वाचकांनी केली, असे माझे स्पष्ट मत आहे.

यात आपल्याला नवल वाटू नये. मराठीत जिला आपण बाड म्हणतो, तशीच बयाज नावाची आडवी, खिशात किंवा कमरेच्या शेल्यात मावणारी वही तिकडे घरोघर असे. एखाद्या बैठकीत गझल कानांवर पडली, आवडली, की ती बयाजेत उतरवून घ्यायची. ती वही पाहुण्याच्या हाती लागली, की त्यातल्या चार गझला पाहुण्याच्या वहीत जायच्या. मुलामुलींच्या मक्तबांत, म्हणजे प्राथमिक शाळांत, नवाई वाचायला शिकवीत, त्यामुळे स्वस्त, साध्या, नक्षी नसलेल्या प्रतींची मागणी कधी संपली नाही. अशा प्रती हाताळून फाटतात आणि संग्रहालयापर्यंत पोचत नाहीत. संग्रहालयातल्या कपाटावरून वाचकांचा अंदाज बांधला, की राजेच तेवढे वाचत होते असे वाटू लागते.

प्रश्न : आमच्या गावी पूर्वी हातकागद तयार होत असे. अशा एका पोथीला कागद, शाई आणि श्रम किती लागत असतील? (एक वाचक, एरंडोल)

एरंडोल आणि यावल ही दोन्ही गावे जाड्याभरड्या देशी कागदासाठी एके काळी नावाजलेली होती, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडून यावा हे योग्यच झाले. नवाईच्या मुलखात कागदाचा मान समरकंदला होता. जगातील उत्तम कागद समरकंदहून येतो आणि तेथील कागदाच्या गिरण्यांना कान-ए-गिल या कुरणाकडून पाणी मिळते, असे बाबराने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. कागद तयार झाला म्हणजे लगेच लिहिण्याजोगा होत नसे. त्याला खळ द्यायची, वाळवायचे, मग गुळगुळीत दगडाने घोटून घोटून चकाकी आणायची. कागद नीट घोटलेला नसला, की बोरूचे टोक तंतूंत अडकते आणि शाई फुटते. एरंडोलच्या जुन्या कागद्यांना हे कोणी सांगण्याची गरज नव्हती.

पुठ्ठ्यावर समांतर दोरे ताणून बसवायचे, त्यावर कोरा कागद ठेवून बोटाने दाबायचा, म्हणजे शाई न लावता ओळी उमटतात. मग लहिया, म्हणजे पोथीची नक्कल करणारा, मांडीवर पाट किंवा पुठ्ठा घेऊन बसतो. पान उलटण्याआधी तळाच्या कोपऱ्यात तो पुढच्या पानाचा पहिला शब्द तिरका लिहून ठेवतो, कारण बांधणाऱ्याला पुष्कळदा तुर्की येत नसे आणि पानांचा क्रम त्याला त्या एका शब्दावरूनच जुळवावा लागे. श्रमाचा अंदाज हवा असेल तर नवाईचा ‘खमसा’ घ्यावा. 1483 ते 1485 या काळात रचलेल्या या पाच दीर्घकाव्यांत मिळून 25 हजारांहून अधिक बैत आहेत. बैत म्हणजे दोन चरणांचे कडवे. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे लहियाच्या पाठीच्या कण्याची कल्पना येईल.

येथे एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या सुलतान अली मशहदीने नवाईच्या प्रती लिहिल्या, त्याने म्हातारपणी, 1514 मध्ये, सुलेखनावर एक पद्य प्रबंध फारसीत लिहिला. बोरू कसा कापावा, शाई कशी करावी, कागद कसा रंगवावा आणि घोटावा हे सर्व त्यात पद्यात सांगितले आहे. डोळ्यांना सुखद वाटेल असा सौम्य रंगछटेचा कागद त्याला पसंत होता. आपल्याकडे समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास याच विषयाला दिला आहे. सबंध ग्रंथ संपेपर्यंत अक्षराचे वळण आणि आकार एकच राहावा असा त्यांचा आग्रह आहे. भोवती समास सोडून मध्येच लिहावे, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही, ही त्यांची सूचना तर हेरातच्या कारखान्यातही कोणी मानेने होकार देऊन ऐकली असती. धुळ्याच्या श्री समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखितांचे बाड पाहायला मिळाले, तर पानाच्या कडा अवश्य पाहाव्यात. कडा झिजलेल्या असतात आणि मजकूर शाबूत असतो.

प्रश्न : हाताने लिहिलेल्या प्रतींत चुका होत असणारच. मग नवाईने नेमके काय लिहिले हे ठरवायचे कसे? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, चोपडा)

चुका होतातच, आणि अरबी लिपीत त्या फार स्वस्तात होतात. नवाईनंतरचा दुसरा थोर तुर्की कवी फुजूली सोळाव्या शतकात इराकमध्ये होऊन गेला. वाईट लहियाचा हात बोरूसारखा छाटला जावो, असा शाप देणारी त्याची चार ओळींची कविता प्रसिद्ध आहे. तो केवळ चिडलेला नाही, तो उदाहरणे देतो. ‘सूर’ म्हणजे आनंदसोहळा. त्यातील पहिल्या अक्षरावर तीन टिंबे चुकून पडली, की त्याचा ‘शूर’ म्हणजे कल्लोळ किंवा खारटपणा होतो. ‘नादिर’ म्हणजे दुर्मीळ. मधले एक अक्षर गळाले, की ‘नार’ म्हणजे आग उरते. आणि ‘गोझ’ म्हणजे डोळा, त्यावरचे एकच टिंब राहून गेले, की वाचणारा ‘कोर’ म्हणजे आंधळा असे वाचतो. डोळ्याला आंधळा करणारा लहिया, हा फुजूलीचा टोला मूळ लिपीत पाहिल्यावर अधिकच लागतो, कारण तेथे गेलेला असतो तो फक्त एक ठिपका.

आपल्याकडील लहिया मात्र शाप मिळण्यापूर्वीच हात झटकून मोकळा होत असे. पोथीच्या शेवटी ‘यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया’ हा श्लोक लिहायचा, म्हणजे जसे पुस्तक पाहिले तसे लिहिले, शुद्ध असो वा अशुद्ध असो, दोष मला देऊ नये. आमच्या आजोळच्या लाल रुमालातील पोथीत हा श्लोकसुद्धा अशुद्ध लिहिलेला होता.

परंतु आपण विचारलेल्या प्रश्नाचा अवघड भाग या चुकांत नाही. चूक ओळखता येते, कारण ती अर्थाला किंवा वृत्ताला खटकते. खरी अडचण समजून उमजून केलेल्या बदलांची आहे. नवाईची भाषा ही पूर्वेकडील तुर्की, जिला पुढे चगताई हे नाव रूढ झाले. त्याची कविता पश्चिमेला तब्रीझ, बगदाद आणि इस्तंबूल येथे पोचली, तेव्हा तेथील लहियांची बोली निराळी होती. ‘होणे’ या क्रियापदाचे पूर्वेकडील रूप ‘बोल-’ असे आहे, पश्चिमेकडे ते ‘ओल-’ असे होते. नक्कल करता करता लहियाच्या हातून ‘बोल-’चे ‘ओल-’ होऊन जाई, आणि वृत्त न बिघडल्यामुळे कोणाला खटकतही नसे. अहिराणी गीत उतरवून घेताना पुण्याच्या लेखनिकाने ‘शे’च्या जागी ‘आहे’ लिहावे, तसाच हा प्रकार. यात अप्रामाणिकपणा नाही, जवळीक आहे. इराणात तर नवाईची काव्ये तेथल्या तुर्कमान बोलीत मुद्दाम उतरवलेलीही आढळतात.

ज्यांना मूळ भाषाच हवी होती त्यांनी दुसरा मार्ग धरला. सोळाव्या शतकात ऑटोमन वाचकांसाठी ‘अबुश्का’ नावाचा कोश तयार झाला. कोशातला पहिलाच शब्द ‘अबुश्का’, म्हणजे नवरा किंवा म्हातारा, आणि त्यावरूनच कोशाला नाव पडले. त्यातील अवतरणांत सर्वाधिक भरणा नवाईचा आहे, कारण कोश करण्याचे कारणच तो होता. पुढे अठराव्या शतकात नादिरशहाचा चिटणीस मिर्झा महदी खान याने ‘संगलाख’ हा मोठा कोश रचला, तोही मुख्यतः नवाई समजावा म्हणून. एका कवीच्या पोथ्या वाचता याव्यात म्हणून परमुलखात कोश निर्माण व्हावेत, हा त्या पोथ्यांच्या प्रसाराचा मला सर्वांत बळकट पुरावा वाटतो. पोथी भेट म्हणून कपाटात ठेवणाऱ्याला कोश लागत नाही.

पाठ ठरवण्याचे काम आता कवीच्या हयातीतील प्रतींवरून केले जाते आणि सुदैवाने त्या बऱ्याच आहेत. ‘खमसा’ची 1485 मधील एक सचित्र प्रत तर रचना पूर्ण झाली त्याच वर्षाची आहे. तिचे भाग आज ऑक्सफर्ड आणि मँचेस्टर येथे विभागलेले आहेत. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नवाईने स्वतःच तीनचार वेळा संग्रहांची फेररचना केली आणि तारुण्यातल्या गझला वार्धक्याच्या दिवाणातही घातल्या, त्यामुळे दोन प्रती वेगळ्या आहेत म्हणून त्यांतली एक चुकीचीच असली पाहिजे, असे होत नाही.

प्रश्न : बुऱ्हाणपूर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि ते जुन्या खानदेशाची राजधानी होते. या सर्व प्रकरणाशी आपल्या भागाचा काही संबंध पोचतो का? (एक शेतकरी वाचक, रावेर)

पोचतो, आणि तो बाबराच्या घराण्यामार्फत पोचतो. बाबराची मातृभाषा तुर्की. त्याने आपले आत्मचरित्र त्याच भाषेत लिहिले आणि त्यात नवाईविषयी भरभरून लिहिले. तुर्की भाषेत इतके विपुल आणि इतके चांगले दुसऱ्या कोणी लिहिले नाही, असा त्याचा अभिप्राय आहे. बाबर सतरा-अठरा वर्षांचा असताना त्याने समरकंद दुसऱ्यांदा जिंकले, तेव्हा हेरातहून नवाईचे पत्र आले. बाबराने उत्तराच्या पाठीवर आपली तुर्की कविता लिहून धाडली. त्यानंतर थोड्याच काळात नवाई वारला. पुढे 1519 च्या अखेरीस, काबुलात राज्य करीत असताना, नवाईच्या चारही दिवाणांतून आवडलेल्या गझला आणि बैत निवडून, वृत्तांच्या क्रमाने लावून, त्याने आपल्यापुरती निवड तयार केली. म्हणजे बाबरही बयाज बाळगणाऱ्या वाचकांतलाच एक. मात्र तो आंधळा भक्त नव्हता. नवाईच्या छंदशास्त्रावरील ग्रंथात रुबाईच्या, म्हणजे चार चरणांच्या कवितेच्या, 24 वृत्तांपैकी चार वृत्ते चुकली आहेत, हे त्याने मोजून सांगितले आहे, आणि नवाईची फारसी कविता बहुतांशी सपक आहे असेही. छंदाच्या चुका काढणारा वाचक कविता किती वेळा वाचत असेल, याचा विचार रावेरच्या वाचकांनी करावा.

बाबराचा नातू अकबर याच्या दरबारी फारसीचे राज्य होते आणि तुर्की जाणणारे कमी होत चालले होते. म्हणून बाबराच्या आत्मचरित्राचे फारसी भाषांतर करण्याचे काम अब्दुर्रहीम खानखानान याच्याकडे आले आणि ते 1589 मध्ये अकबराला सादर झाले. शाळेच्या पुस्तकात ज्याचे दोहे आपण पाठ केले तोच हा रहीम. त्याचा बाप बैरामखान तुर्की आणि फारसी अशा दोन्ही भाषांत कविता करीत असे आणि त्याचा दिवाण आज उपलब्ध आहे. म्हणजे रहीमला तुर्की घरातूनच लाभली होती.

1601 मध्ये असीरगड पडून खानदेश मोगलांकडे गेला, आणि दख्खनच्या मोहिमांमुळे रहीमचा मुक्काम वर्षानुवर्षे बुऱ्हाणपुरास राहिला. तेथे त्याच्या पदरी कवी, लहिये, चित्रकार आणि जिल्दगर, म्हणजे पोथ्या बांधणारे, होते. त्याच्या ग्रंथालयाची आणि त्यातील कारागिरांची हकिकत अब्दुल बाकी नहावंदी याने ‘मआसिर-ए-रहीमी’ या 1616 मध्ये पूर्ण केलेल्या फारसी ग्रंथात दिली आहे. नवाईची थोरवी सांगणारी बाबराची पाने ज्याने फारसीत आणली, तो माणूस तापीच्या काठी बसून पोथ्या लिहवून घेत होता, हा आपल्या भागाचा या कथेतील वाटा.

नवाईच्या पोथीचा प्रवास प्रत्यक्ष पाहायचा असेल, तर एकच प्रत पुरेशी आहे. 1492 मध्ये, कवी हयात असताना, सुलतान अली मशहदीने हेरात येथे ‘खमसा’ची एक प्रत लिहिली. 1507 मध्ये उझबेकांनी हेरात घेतले, त्यानंतर इराणच्या सफवींनी घेतले, आणि त्या धामधुमीत तेथील लहिये, चित्रकार आणि पोथ्या चहूकडे पांगल्या. ही प्रत बुखाऱ्यास गेली, तेथे तिच्यात चित्रे भरली गेली. तेथून ती मोगलांच्या ग्रंथालयात आली. जहांगीराने तिच्यावर स्वहस्ते टीप लिहिली आणि त्याच्या चित्रकारांनीही तिच्यात भर घातली. पुढे ती अवधच्या नवाबांकडून इंग्लंडच्या राजाकडे गेली आणि सध्या विंडसरच्या राजवाड्यात आहे. जहांगीराला ती नुसती शोभेची वस्तू नव्हती. आपण हिंदुस्थानात वाढलो तरी तुर्की बोलण्या-लिहिण्यास अनभिज्ञ नाही, असे तो अभिमानाने सांगतो. काबुलात बाबराच्या हातचे आत्मचरित्र त्याच्या पाहण्यात आले, त्यातील चार भाग त्याने आपल्या हाताने लिहून त्याखाली तुर्कीत तशी नोंद केली. बादशहाने लहियाचे काम करावे, ही गोष्ट मला त्याच्या सगळ्या शिकारींपेक्षा अधिक आवडते.

विंडसरला जाणे कोणाच्या आवाक्यात नसले, तरी बाबराच्या आत्मचरित्राची तुर्की प्रत हैदराबादच्या सालारजंग संग्रहात आहे, आणि त्याच्या तुर्की कवितांची, त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षराचा अंश असलेली प्रत रामपूरच्या रझा ग्रंथालयात आहे.

प्रश्न : हाताने नकला करणे नेमके केव्हा थांबले? (एक छपाई व्यावसायिक, जळगाव)

एका दिवसात थांबले नाही. पॅरिस येथे 1841 मध्ये नवाईचे काही साहित्य युरोपीय अभ्यासकांसाठी छापले गेले, पण त्याचा मध्य आशियातील वाचकांना काडीचाही उपयोग नव्हता. तेथे फरक पडला तो खिवाच्या खानाने 1870 च्या दशकात शिळाछापखाना काढल्यावर. 1880 मध्ये तेथे ‘खमसा’ छापला गेला आणि मग ताश्कंदच्या शिळाप्रेसांतूनही नवाई बाहेर पडू लागला.

आपण छपाईच्या धंद्यातले आहात, म्हणून एक तपशील मुद्दाम लिहितो. शिळाछापात खिळे जुळवायचे नसतात. लहियाने विशिष्ट शाईने विशिष्ट कागदावर लिहायचे, ते दगडावर उतरवायचे आणि दगडावरून छापायचे. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये पंचांग छापले ते असेच. त्यामुळे खिवाच्या छापील नवाईत नस्तालीक या तिरप्या, वळणदार लिपीशैलीचे वळण, भोवतीची चौकट आणि पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा तिरका शब्द हे सारे हस्तलिखितासारखेच आहे. लहियाची मजुरी बुडाली नाही, फक्त त्याने एकदा लिहिलेले पान आता शेकडो वाचकांच्या हाती जाऊ लागले, आणि त्याचे एखादे टिंब राहिले तर तेही शेकडो प्रतींत राहू लागले.